‘लेखणी’ बंद पडली नव्हती

परवा एका मुंजीच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, मी नोकरी कुठे केली. मी म्हटलं, ‘लेखणी’त. त्यांनी हातातली जिलबी ताटात ठेवली आणि चेहरा दुःखी केला. "अरेरे, काय दुकान होतं हो ते. पण काय करणार, ऑनलाइनचा जमाना. काळाच्या ओघात गेलं बिचारं." एवढं म्हणून त्यांनी जिलबी पुन्हा उचलली.

हे वाक्य ऐकून ऐकून मला वीट आलाय. काळाचा ओघ म्हणे. तो काय कर्वे रस्त्यावरून वाहत आला आणि आमचं शटर उचलून घेऊन गेला? आमचं दुकान विकलं गेलं तेव्हा बहुतेकांच्या घरी इंटरनेट नव्हतं. शाळेच्या वह्या फोनवर मागवता येतील असं कुणी म्हटलं असतं, तर आम्ही त्याला आधी पाणी प्यायला दिलं असतं. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "आमचं दुकान काळानं नेलं नाही, मालकांनी नेलं." ते म्हणाले, "असं का?" आणि मठ्ठा मागायला लागले. ऐकायचं कुणाला असतं?

या अंकाच्या संपादकांनी ‘दुकानाच्या हृद्य आठवणी’ लिहून मागितल्या, तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं की हृद्य वगैरे जमणार नाही, या विषयावर माझं पित्त खवळतं. ते म्हणाले, चालेल. तेव्हा पुढे जे येईल त्याला तेही जबाबदार आहेत.

ज्यांनी ‘लेखणी भांडार’ पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कागद, वह्या, पेनं आणि पुस्तकं यांचं ते दुकान. मूळ पेढी बुधवार पेठेत. मग कॅम्पात, स्टेशनजवळ, टिळक रस्त्यावर, कर्वे रस्त्यावर, आणि पुढे साताऱ्या-नगरपर्यंत शाखा निघाल्या. पुण्यात ‘लेखणीत जाऊन येते’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. मी कर्वे रस्त्याच्या शाखेत आधी काउंटरवर होते आणि नंतर त्याच शाखेची प्रमुख झाले.

मालक होते अण्णा. त्यांनी माझी मुलाखत घेतली ती अशी. दोन कोरे कागद हातात दिले आणि म्हणाले, "कानाशी हलवा." एक कागद खडखडला, दुसरा नुसताच हलला. "कुठला चांगला?" मी खडखडणारा दाखवला. "बरोबर. दुसऱ्यावर शाई फुटते. आता नलिनीबाई, हे गिऱ्हाइकाला शिकवत बसायचं नाही. त्याला फक्त चांगला कागद द्यायचा." झाली मुलाखत. माझं एम.ए.चं प्रमाणपत्र पिशवीतच राहिलं.

आमच्या धंद्याची दोन वैशिष्ट्यं होती. एक म्हणजे सुटं विकणं. एक पाकीट, एक निब, आलेखाचा एक कागद, रेखाकलेचा एक शीट, काय हवं ते एक. गठ्ठा फोडायचा आणि द्यायचं. त्यासाठी एक वेगळं काउंटरच होतं, खालपासून वरपर्यंत नुसते खण. दुसरं वैशिष्ट्य जूनमधलं. एप्रिलमध्ये आमच्यातलं कुणीतरी पुण्यातल्या शाळाशाळांत जाऊन यायचं. कुठल्या इयत्तेला कुठल्या वह्या, दुरेघी किती, चौरेघी किती, चित्रकलेची वही लहान की मोठी, कव्हर खाकी की निळं, सगळं विचारून. मग जूनमध्ये आई-वडील आले की त्यांनी फक्त शाळा सांगायची, इयत्ता सांगायची. आम्ही म्हणायचो, "पाच मिनिटं थांबा." पाच मिनिटांनी सगळा संच कव्हरं घालून त्यांच्या हातात. पुण्यातल्या निम्म्या आया त्या पाच मिनिटांसाठी आम्हाला दुवा देत असतील.

आता गोडवा एवढा नको. आम्ही काही साखरेत घोळलेली माणसं नव्हतो. पुण्यातलं दुकान ते. पेनाच्या काउंटरवर अण्णांनी स्वतः पाटी लावली होती, ‘पेन चालवून पाहावे. कविता करू नये.’ पाटीला कारणही होतं. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर दर शनिवारी यायचे, महागातलं महाग पेन मागायचे आणि चाचणीच्या वहीवर महापालिकेला तक्रारअर्ज लिहायचे. एका शनिवारी मायना, पुढच्या शनिवारी पाण्याचा दाब, त्याच्या पुढच्या शनिवारी खडकवासल्यात पाणी असताना आमच्या गल्लीत का नाही. अर्ज पूर्ण झाला तेव्हा म्हणाले, "हे पान फाडून द्या." मी म्हटलं, "पेन घेणार का?" ते म्हणाले, "अर्जाचं उत्तर कसं येतं त्यावर ठरवू." मी पान दिलं. वर सुटं पाकीटही विकलं. ते पाकीट त्यांनी निरखून पाहिलं आणि यापेक्षा पातळ नाही का असं विचारलं, कारण जाड पाकीट महापालिकेला शोभत नाही.

आणि एक बाई होत्या. मुलीसाठी स्थळं पाहत होत्या. प्रत्येक स्थळाला पत्र पाठवायचं म्हणून एकच उत्तम कागद आणि एकच उत्तम पाकीट घेऊन जायच्या. वर्षभर. गठ्ठा घेतला तर स्वस्त पडेल असं एकदा मी सांगितलं, तर म्हणाल्या, "गठ्ठा घेतला म्हणजे अजून इतकी पत्रं लिहावी लागणार असं होईल. एकच द्या." मी पुन्हा कधी गठ्ठ्याचं नाव काढलं नाही. सुटं विकणं म्हणजे काय, ते त्या बाईंनी मला समजावलं.

तर जमाना बदलला, म्हणतात. बदलला ना. मी होते तिथे. बाहेरची पेनं आली तेव्हा ती सगळ्यात आधी आमच्याच काचेत लागली. संगणकाच्या भाषा शिकायची लाट आली तेव्हा इंग्रजीतली ती जाडजूड पुस्तकं घ्यायला मुलं फुटपाथपर्यंत उभी असायची. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली, खोलीवर राहणारी मुलं. त्यातली निम्मी पुढे हिंजवडीला लागली आणि मग त्यांच्या कंपन्यांचे कागद, फायली, मार्कर आमच्याकडून जायला लागले. आयटीनं आमचं वाईट केलं असं कुणी म्हटलं की मी विचारते, कधी आला होतात दुकानात? आयटीनं तर आम्हाला बरे दिवस दाखवले.

वाईट केलं ते घरच्यांनी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण काही उगीच झालेली नाही.

अण्णा गेले. त्यांचा मुलगा आधीच गेला होता. त्यामुळे निम्मी मालकी नातवाकडे आली, समीरकडे, आणि निम्मी अण्णांच्या मुलीकडे. तिला आम्ही ताईसाहेब म्हणायचो. दोघांच्या सह्या असल्याशिवाय एकही शाखा विकता येणार नाही, अशी अण्णांनी सोय करून ठेवली होती. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, दोघं असले की एक तरी शहाणं निघेल.

समीरला मी लहानपणापासून पाहिलेला. सुट्या काउंटरच्या खणांत खडू लपवायचा. पण नोकरी ती नोकरी, म्हणून मी त्याला अहो-जाहो करायचे. तो मला ‘नलिनी मॅडम’ म्हणायचा. व्यवस्थापन शिकून आलेला, गोड बोलणारा, आवाज कधी चढायचा नाही. बाणेरला त्यानं काचेचं ऑफिस थाटलं आणि सगळी खरेदी तिथून सुरू केली.

मग काय झालं ते क्रमानं ऐका, कारण तो क्रम मला पाठ आहे. आधी आमचा स्वतःचा वह्यांचा कारखाना बंद झाला, बाहेरून वह्या यायला लागल्या. शाई फुटणाऱ्या. मग सुटं काउंटर काढलं. ‘पॅक फोडायचा नाही’ असं फर्मान. त्या जागी कापसाची अस्वलं आणि वासाच्या मेणबत्त्या आल्या. मग माल येईनासा झाला. मागणी पाठवावी, तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर. गिऱ्हाईक रिकामी फडताळं बघून परत जायचं. मग शाखा तोट्यात निघायची. मग दारावर पाटी, ‘नूतनीकरणासाठी बंद’. नूतनीकरण होऊन तिथे मोबाइलचं दुकान निघायचं. कॅम्पात असंच झालं. स्टेशनजवळ असंच झालं. टिळक रस्त्याला तेच सुरू झालं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हा निष्काळजीपणा नाही. ही कृती आहे, अळूवडीसारखी. पान घ्या, पीठ लावा, गुंडाळी करा.

लोक म्हणतात, नव्या पोरांना धंदा कळत नव्हता. चूक. समीरला धंदा माझ्याइतकाच कळत होता. काय काढून घेतलं की दुकान मरतं, हे त्याला बरोबर माहीत होतं. तो मूर्ख असता तर मी त्याला माफ केलं असतं. मूर्खपणावर काही माझा राग नाही, पुण्यात राहून तो परवडतही नाही.

मी बाणेरच्या ऑफिसात गेले आणि सरळ विचारलं. "कर्वे रस्त्याला वह्या का येत नाहीत? एप्रिल संपत आला."

"मॅडम, बसा ना. कॉफी घेणार?"

"वह्या घेणार."

तो हसला. मग त्यानं दार लावून घेतलं आणि खरं बोलला, एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे. "तुमच्यापासून काय लपवायचं? त्या जागेवर कागद विकून जे मिळतं, त्याच्या कितीतरी पट कागद न विकता मिळतं. बिल्डर तयार आहे. आत्याची सही तेवढी राहिली. ती म्हणते, अण्णांचं चालतं दुकान मी विकणार नाही. मग काय करणार? तिला दिसलं पाहिजे की ते चालत नाही. बाकीच्या शाखांना तिनं तशीच सही केली."

"आणि आम्ही?"

"तुमचं सगळ्यांचं बघू ना, मॅडम."

‘बघू’ या शब्दाचा अर्थ पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या शाखेत बारा-पंधरा माणसं होती. त्यात सुवर्णा होती, मांजरीहून दोन बस बदलून यायची, नवरा कारखान्यातून कमी केलेला, तिच्या पगारावर घर. मी काय दोनचार वर्षांत निवृत्त होणार होते. माझी पेन्शन नव्हती, पण भूकही मोठी नव्हती. ही बाकीची माणसं कुठे जाणार? त्या वयात त्यांना कोण घेणार? मॉलमध्ये?

मी तिथून निघाले ती थेट प्रभात रस्त्याला, ताईसाहेबांच्या बंगल्यावर.

ताईसाहेब ऐंशीच्या आसपास. तरुणपणी बुधवारातल्या गल्ल्यावर बसायच्या. मला त्या ‘नलू’ म्हणायच्या. मी सगळं सांगितलं. वह्या कशा थांबवल्या, का थांबवल्या. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "समीर म्हणतो दुकान मेलंय. तू म्हणतेस जिवंत आहे. कुणाचं खरं मानू?"

"स्वतः या आणि बघा. शाळा सुरू होतात त्या आठवड्यात."

"आणि रिकामं असलं तर?"

"तर सही करा. मी अडवणार नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणजे सौदा ठरला. जूनमध्ये दुकान भरलेलं दिसलं तर वाचलं, नाही तर गेलं. मी घरी जाताना रिक्षावाल्याशी भांडले, विनाकारण.

आता वह्या कुठून आणायच्या? वह्या होत्या, हेच तर चीड आणणारं होतं. बंद पडलेल्या शाखांचा माल धायरीच्या गोदामात पडून होता. आमच्या जुन्या कारखान्यातल्या, खडखडणाऱ्या कागदाच्या वह्या, थप्प्यांवर थप्प्या. मी टेम्पो ठरवला आणि सुवर्णाला घेऊन गेले.

गोदाम सांभाळणारे कदम दारात उभे राहिले. "बाई, कर्वे रस्त्याला माल द्यायचा नाही असं साहेबांनी सांगितलंय."

"लेखी दाखवा."

"लेखी नाही, फोनवर सांगितलंय."

"कदम, शाखाप्रमुखाला माल उचलायचा अधिकार अण्णांनी लेखी दिलाय. तो लेखी काढून घेतल्याचं मला कुणी कळवलेलं नाही. फोनवरचं मला ऐकू येत नाही, कान गेलेत माझे."

कदमांनी खिशात हात घातला. मग किल्ली सुवर्णाच्या हातात दिली आणि म्हणाले, "मी जेवायला चाललोय. मी असताना काही झालेलं नाही." दुपारचे चार वाजले होते. जेवण कसलं? पण माणूस भला.

सुवर्णा गठ्ठे उचलता उचलता म्हणाली, "बाई, हा एवढा माल हाय, अन् आपल्याला म्हणत्यात संपला." मी म्हटलं, "बोलू नकोस, उचल."

पुढचे दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. कापसाची अस्वलं पोटमाळ्यावर नेऊन टाकली. त्यांच्या जागी फळ्या लावल्या. शाळांत कुणी गेलं नव्हतं, ते मी आणि सुवर्णा जाऊन आलो. काही मुख्याध्यापिका चकित झाल्या. "तुम्ही बंद होणार ना?" एकीनं विचारलं. म्हणजे बातमीसुद्धा पसरवून झाली होती. मी म्हटलं, "बाई, बंद होणारं दुकान दुरेघीची चौकशी करत हिंडतं का?" त्यांनी पालकसभेत आमचं नाव सांगितलं. फळ्यावर लिहिलं म्हणे.

आणि शाळा सुरू झाल्या.

सकाळी आम्ही शटर वर केलं तेव्हा बाहेर रांग होती. स्कूटीवरून आलेल्या आया, धोतरातले आजोबा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले बाप. एक बाप कानाला फोन लावून रांगेतच मीटिंग करत होता. "येस, येस, आय ॲम ऑन द कॉल... अहो, तिसरी, सेमी-इंग्लिश... नो नो, नॉट यू, सर." सुवर्णानं त्याला संच दिला तर म्हणाला, "दोन द्या ना, एक बॅकअप." ती म्हणाली, "पोरगं एकच हाय ना?" दुकान हसलं. "पाच मिनिटं थांबा, पाच मिनिटं थांबा" करत आमचे घसे बसले. त्या रिकाम्या महिन्यांनंतर मला ते ऐकायला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

ताईसाहेब आल्या त्या ऐन गर्दीत. बरोबर एक पन्नाशीचे गृहस्थ होते, पांढरा शर्ट, हातात फोन. नात्यातले कुणी असतील असं मी धरून चालले. ताईसाहेबांना मी स्टूल दिलं. थोडा वेळ बसल्या. मग उठल्या, काउंटरच्या आत आल्या आणि समोरच्या मुलीला म्हणाल्या, "कुठली शाळा बाळ?" मुलीनं सांगितलं. ताईसाहेबांनी स्वतः वह्या काढल्या. एक कागद उचलून कानाशी हलवला. त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले. खोटं नव्हतं ते. आजही मी म्हणेन, ते खोटं नव्हतं.

ते पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ दारापासून मागच्या भिंतीपर्यंत फिरून आले. मला म्हणाले, "रोज एवढी गर्दी असते?"

माझी छाती फुगली होती. मी म्हटलं, "जूनमध्ये तर विचारूच नका. दिवाळीतही असते. दिवाळी अंक, वहीपूजनाच्या वह्या. आणि या रस्त्याला बारा महिने माणूस आहे, मागे कॉलेजं, पुढे बाजार. दुकानासमोरून गेलेला माणूस आत डोकावतोच." 

"अरे वा," ते म्हणाले. "छान माहिती दिलीत."

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून मिसळ मागवली. सुवर्णा म्हणाली, "वाचलो, बाई." मी म्हटलं, "वाचलो." मी मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटून टाकले होते.

शाळेच्या गर्दीचा पहिला भर ओसरला तेव्हा ताईसाहेबांचा निरोप आला, येऊन जा. मी चांगली साडी नेसून गेले. त्यांनी चहा सांगितला, चकलीची बशी पुढे केली. मग म्हणाल्या, "नलू, मी सही केली."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कशावर?"

"विक्रीवर."

"पण तुम्ही दुकान पाहिलंत. भरलेलं पाहिलंत."

"पाहिलं ना. फार आनंद झाला. अण्णांची आठवण आली. समीरला मी तेच म्हटलं, की गाढवा, दुकान मारून विकायला निघाला होतास. मेलेल्या दुकानाला कोण काय देतं? त्या पटवर्धनांना मी मुद्दाम गर्दीत घेऊन आले. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तुझ्याशी बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा वाढवला." त्या माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. "तुझ्यामुळे झालं हो हे. चालतं दुकानच विकायचं असतं. हे समीरला कळलं नाही, तुला कळलं."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ म्हणजे बिल्डर. त्याला मी रस्ता दाखवला होता, दिवाळी दाखवली होती, मागची कॉलेजं आणि पुढचा बाजार दाखवला होता. त्याच्या दलालानं सांगितलं नसतं इतकं मी फुकट सांगितलं होतं. 

"पण तुम्ही म्हणाला होतात, चालतं दुकान विकणार नाही."

"म्हणाले होते. पण नलू, माझं वय बघ. माझ्या मुली परदेशात. त्यांना का वह्या विकायच्या आहेत? मी गेल्यावर समीरनं कवडीमोलानं काढलं असतं. निदान माझ्या डोळ्यांदेखत अण्णांच्या दुकानाची किंमत तरी झाली. मान राहिला."

मान. दुकान पाडायचं, आणि किंमत जास्त आली म्हणून मान राहिला. मी समीरवर इतकी वर्षं चिडले होते, पण त्याच्याबद्दल मला त्या क्षणी जवळजवळ आपुलकी वाटली. तो निदान तोंडावर सांगून मारत होता. या बाईंनी कागद कानाशी हलवला, डोळे पुसले, आणि मारलं.

"आमच्या माणसांचं काय?" मी विचारलं. "सुवर्णाचं काय?"

"समीर बघणार आहे म्हणाला."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या लक्षात आलं असावं. हात पुढे करून म्हणाल्या, "तुला वाईट वाटलं का गं?"

"नाही, ताईसाहेब. मला राग आलाय. वाईट नंतर वाटेल."

त्या मला दारापर्यंत सोडायला मात्र आल्या. शेवटी जुनी माणसं.

दुकानात परत आले तर गिऱ्हाईक होतंच. सुवर्णाला मी मागे घेऊन सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती कव्हर घालत होती, ते तिनं पुरतं घातलं, कडा दुमडल्या, आणि म्हणाली, "आमच्या रानाचं पण असंच झालं, बाई. ऊस डोक्याएवढा उभा हाय, तेव्हाच बिल्डर आला. सासरे म्हणले, एवढं पीक बघून तरी जाईल माघारी. तो म्हणला, पाणी चांगलं दिसतंय इथं." मग ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. "कुठली शाळा?"

दिवाळीपर्यंत आम्ही दुकान चालवलं. शेवटच्या दिवसापर्यंत गिऱ्हाईक होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे लोक म्हणणार, बंद पडलं. आमच्यातल्या दोघांना समीरनं बाणेरला घेतलं, बाकीच्यांचं बघणं अजून चालू आहे. सुवर्णानं मांजरीत नव्या सोसायट्यांसमोर एक टपरी टाकली. वह्या, पेनं, झेरॉक्स. मी गेले होते. तिथे जूनमध्ये ती शाळा विचारते, इयत्ता विचारते आणि पाच मिनिटं थांबायला सांगते. समोरच्या बिल्डरनं एकदा तिला विचारलं, रोज एवढी गर्दी असते का. ती म्हणाली, "न्हाय. आजच हाय."

ताईसाहेब पुढे दोन-तीन वर्षांत गेल्या. मी भेटायला गेले होते. समीर दारात उभा होता, त्यानं वाकून नमस्कार केला, डोळे लाल होते त्याचे. तिथे आलेली माणसं मला सांगत होती, काय दुकान होतं हो, काय करणार, काळच तसा. मी कुणाला काही बोलले नाही. मेलेल्या माणसाच्या घरात बोलायचं नसतं.

पण ताईसाहेबांना मी म्हटलं होतं, आता राग आलाय, वाईट नंतर वाटेल. इतकी वर्षं झाली. मी अजून वाईट वाटण्याची वाट पाहते आहे.